चार भोकं, उत्तर भिंत

रेइनो कांगासला मी आधी एवढंच सांगितलं,
स्वयंपाकघरातला हा पिवळा रंग चालणार नाही.
त्यानं विचारलं, कुणाला?
मी म्हटलं, जे अजून आलेले नाहीत, त्यांना.

हॅनकॉकच्या चढावरचं घर, वर दोन खोल्या,
तळघरात सौना, त्याच्याच हातचा,
बर्चच्या धुराचा वास फळ्यांत इतका मुरलेला
की लिहिता लिहिता माझं पेन अडलं:
हा गुण धरायचा की दोष?

बावीस वर्षं मी हेच करते.
माणसांना त्यांच्याच घरातून हळूहळू पुसून काढायचं
आणि वरून लिंबाचा वास मारायचा.
फोटो उतरवा. फ्रिजवरची चुंबकं काढा.
दारामागं हेल्मीचा झगा होता.
मी तोंड उघडायच्या आत त्यानं तो काढला,
घडी घातली, उलगडली,
पुन्हा घडी घातली.
तेवढा वेळ मी विजेच्या मीटरचा आकडा टिपत बसले,
जो मला नकोच होता.

मग भाव.
तीन घरं टेबलावर मांडली, पत्त्यांसारखी.
खाणीच्या गल्लीतलं, छप्पर नवं: एक लाख ब्याऐंशी हजार.
उतारावरचं, तळघरात ओल: एक चव्वेचाळीस.
तिसऱ्यात कुणी राहतच नव्हतं, ते गेलं एक सत्त्याहत्तरला.
रिकाम्या घराला बरा भाव येतो, मी म्हणाले
आणि जीभ चावली.

त्याचाही एक कागद होता,
कसल्याशा बिलाच्या पाठीमागं, पेन्सिलीनं:
लाकूड, १९७४. भट्टी, दोनदा.
छपरावरचा बर्फ ओढला, पन्नास हिवाळे,
तासाचे किती धरायचे ते तू सांग.
काउंटीची बर्फ लोटायची गाडी चालवायचा तो.
लोकांच्या रस्त्यावरचा बर्फ पगारी,
आपल्या डोक्यावरचा फुकट.
बेरीज केली नव्हती. खाली नुसती रेघ.

"एक लाख एकोणऐंशी हजार नऊशे," मी म्हणाले.
"वरचे शंभर कुणाला सोडले?"
"कुणालाच नाही. आकडा डोळ्याला हलका लागतो."
"उचलायला तेवढाच," म्हणाला, आणि सही केली.

एक गोष्ट राहिली.
शेडच्या भिंतीवर खिळे ठोकून बसवलेली उभी फळी,
तिच्यावर दर सालची खूण, बर्फ कुठवर चढला त्याची.
कमरेएवढा, छातीएवढा,
एका साली माझ्या डोक्यावर वीतभर.
त्या खुणेपुढं हेल्मीच्या अक्षरात एकच फिनिश शब्द.
अर्थ विचारला तर म्हणाला,
"चर्चला जाणारी बाई होती, पण त्या दिवशी नव्हती."

ही काढा, मी म्हणाले, गिऱ्हाईक बिचकेल.
आपण फोटो जूनमध्ये काढतोय, सगळं हिरवंगार.
त्यानं काढली. चारही खिळे
हातोडीनं सरळ करून डब्यात टाकले.
फळी माझ्या गाडीत आडवी सारली:
"माझा नवा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर.
एवढा बर्फ आला तर मला कळेलच."

टेनेसीहून जोडपं आलं. तिला सातवा महिना.
सौन्यात ती बराच वेळ बसून राहिली, भट्टी गार असताना.
नवऱ्यानं विचारलं, इथं बर्फ जरा जास्तच पडतो ना?
"पडतो," मी म्हणाले, "पण गाडी वेळेवर येते."
खोटं नव्हतं. आता ती दुसरा कुणी चालवतो.

तपासनिसाचा अहवाल एकतीस पानांचा.
मी रेइनोला फोनवर वाचून दाखवला,
नळ, गटार, जिन्याचा कठडा,
आणि शेवटून दुसऱ्या पानावर:
शेड, उत्तर भिंत, चार भोकं. किरकोळ.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग म्हणाला,
"सगळ्यात वरचं किती उंचीवर आहे, ते लिहिलंय का?"

मी पान उलटून पाहिलं.
"नाही," म्हटलं. "विचारते."